प्रत

हुपरीची सकाळची एसटी.
मांडीवर पिशवी, पिशवीत सहा वह्या,
सुट्या पडू नयेत म्हणून
पैंजणाच्या तारेनं बांधलेल्या.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
"पदवीच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत?"
नाही.
"बारावीची?"
अकरावी. तीही निम्मीच.
"ताई, हा एमएस्सीचा फॉर्म आहे,"
चुकीच्या गाडीत बसलेल्याला सांगतात
तशा आवाजात.

बाहेर कट्ट्यावर बसून भाकरी सोडली.
विद्यापीठातला मोर आला, ठेच्याकडं बघून गेला.
त्याला कुणी प्रत मागितली नसावी.

सव्वीस वर्षं मी घुंगरांना डाख देते,
रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासते.
दोन शेजारी ठेवा,
कुठल्याची झिलई केसभर उणी, सांगते.
सराफ माझ्या तोंडाकडं बघून भाव ठरवतो.
मजुरी मात्र किलोवर.

एका रात्री लाइट गेली, गच्चीवर पडले होते,
आणि वर एक तारा
परवापेक्षा मळका दिसला.
जाऊ म्हणाली, डोळं तपास.
तपासले. डोळे बरे निघाले.
मग वही आणली.
डावीकडच्यापेक्षा उणा, उजवीकडच्यापेक्षा उजळ,
तारीख, वेळ, ढग असले तर ढग.
घरात कुणाला वाटलं उधारीची वही आहे.
असू दे म्हटलं.

मुजावर सर पायऱ्या उतरत होते.
तारेची गाठ त्यांना सुटेना, मीच सोडली.
उभ्या उभ्या तीन वह्या वाचल्या त्यांनी,
चौथीला कट्ट्यावर बसले.
"याला अल्गोल म्हणतात. ठरावीक वेळानं मंदावतो.
किती वेळानं, काढलंत?"
दोन दिवस, एकवीस तास.
"वीस तास एकोणपन्नास मिनिटं.
अकरा मिनिटं चुकलात."
आयुष्यात इतकं थोडं
मी कधी चुकले नव्हते.

"पदवी मला देता येत नाही," ते म्हणाले.
"या नोंदी पाठवता येतील, तुमच्या नावानं.
तिथं शिक्षणाचा रकाना नसतो.
पण पुढं जायचं तर गणित लागेल.
सतरा नंबरचा फॉर्म भरा, बारावी बाहेरून.
मग तीन वर्षं. मग ही खिडकी.
तोवर गुरुवारी येत चला, मागच्या बाकावर."
मी बोटांवर वय मोजलं.
बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून धरली.

"ताऱ्याच्या तेजालाही प्रतच म्हणतात,
जितका मंद, तितका आकडा मोठा.
आणि ही मोजपट्टी चालते लॉगॅरिदमवर.
लॉगॅरिदम म्हणजे..."

मला हसू आलं. त्यांना वाटलं, गणिताला हसले.
त्याच धड्याला शाळा सुटली होती माझी.
दादांचा हात भट्टीत भाजला,
पुस्तक उघडं ठेवून मी त्यांच्या पाटावर बसले
ती अजून बसलेच आहे.
सव्वीस वर्षं वाट बघत होतं ते पान
आणि वर आभाळ त्याच पानावरून मोजतात,
हे कुणी सांगितलं असतं
तर एका हातानं डाख दिला असता मी.

भाचीचं पुस्तक आहे आता. मोर त्यातही आहे,
पीस होऊन, धड्यात खूण म्हणून.
पहिली दोन गणितं चुकली.
तिसरं बरोबर आलं, का ते कळलं नाही.
चौथं रडवतं.

दिवाळीची ऑर्डर आहे, चाळीस जोड, रविवारपर्यंत.
आज पहाटे सव्वातीनला
अल्गोल सगळ्यात मंद.
भट्टी सहाला पेटते.
मधल्या वेळात पाचवं होईल.